‘आमची बाई’ म्हणजे कोण?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : सप्रेम सलाम. आमचे कुटुंब चार पिढ्या भायखळ्यात राहत आहे. माझी पणजी, म्हणजे वडिलांची आजी, मिशनमध्ये ‘बायबलबाई’ होती, एवढेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती तरुणपणी विधवा झाली, साताऱ्याकडून मुलाला घेऊन मुंबईला आली, मिशनच्या बायकांच्या वर्गात वाचायला शिकली आणि पुढे मरेपर्यंत चाळीचाळींतून हिंडून बायकांना अक्षरे शिकवत, आजाऱ्यांची सेवा करत आणि शुभवर्तमान सांगत राहिली. गेल्या वर्षी परदेशात असलेल्या माझ्या भाच्याने एका जुन्या मिशन-अहवालातील दोन पानांची प्रत पाठवली. प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या उशाशी बसणाऱ्या एका बाईविषयी एका मिशनरी साहेबांनी त्यात फार आदराने लिहिले आहे. तिच्या विश्वासापुढे आपला विश्वास आपल्याला तोकडा वाटतो, असे ते म्हणतात. तिचा अधू डावा हात, तिच्या जात्यावरच्या ओव्या, चाळीचे वर्णन, या सर्व खुणा आमच्या घरच्या आठवणींशी जुळतात. परंतु दोन्ही पानांत तिचे नाव एकदाही नाही. सर्वत्र ‘आमची बाई’ एवढेच आहे. शिवाय तिच्या माहेरच्या माणसांविषयी ‘अंधारात बुडालेली’ असे शब्द आहेत. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्धापनदिनी ही पाने वाचून दाखवावीत, असे पाळकसाहेबांनी सुचवले आहे. माझ्या धाकट्या भावाला ती पाने अपमानकारक वाटतात. थोरल्या काकांना ती आमच्या घराण्याची सनद वाटते. कार्यक्रमाला शेजारची हिंदू आणि बौद्ध कुटुंबेही येणार आहेत. आम्ही काय करावे, आणि तिचे नाव आता कोठे सापडेल? घरात सगळे तिला ‘बाय’ म्हणत, त्यामुळे खरे नाव कोणालाच ठाऊक नाही.
— एक वाचक, भायखळा

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. साहेबांनी तिचे नाव लिहिले नाही याचे तुम्हाला वाईट वाटते आणि ते रास्तच आहे; पण जी मुले-नातवंडे तिच्या मांडीवर वाढली त्यांनीही ते नाव पुढच्या पिढीला सांगितले नाही, हेही आपण मान्य केले पाहिजे. त्या काळी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला नावाने हाक मारण्याची रीत नव्हती. ती कोणाची तरी आई असे, कोणाची तरी सासू असे, नाहीतर नुसती बाय असे. म्हणून तिचे नाव शोधण्याचे काम साहेबांविरुद्धच्या तक्रारीच्या स्वरूपात हाती घेऊ नका. ते घराचेही राहून गेलेले देणे आहे.

आता ‘बायबलबाई’ या पदाविषयी, कारण ते समजल्यावाचून त्या दोन पानांचा अर्थ नीट लागणार नाही. १८५७ साली लंडनमध्ये एलेन रॅन्यार्ड यांनी गरीब वस्त्यांतल्याच बायकांना पवित्र शास्त्राच्या प्रती देऊन त्याच वस्त्यांत घरोघर पाठवण्यास आरंभ केला आणि ती पद्धत पुढे मिशनांबरोबर हिंदुस्थानातही आली. इथे ती झपाट्याने रुजली, त्याचे कारण सरळ होते. पुरुष मिशनऱ्याला परक्या घराच्या ओसरीपलीकडे जाता येत नसे. मड्डमबाईंना माजघरापर्यंत प्रवेश मिळाला तरी त्यांचे मराठी पुस्तकी असे आणि त्यांच्यासमोर घरातल्या बायका संकोचाने गप्प बसत. तेथे जाऊन बसू शकणारी, त्याच बोलीत बोलणारी, बाळंतिणीला काय हवे आणि सासूला काय खपत नाही हे न सांगता ओळखणारी बाई हवी होती. अशा बाया बहुधा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या असत. मिशनने त्यांना वाचायला शिकवले, थोडा पगार दिला आणि रोजच्या फेरीची आळी किंवा चाळ नेमून दिली. त्यांचे काम शास्त्रवाचनापुरते नव्हते. पहिले पुस्तक शिकवणे, शिवणकाम दाखवणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे आणि कोणाच्या घरी चूल पेटली नाही याची वर्दी पाळकांना देणे, हे सारे त्यात येई.

हा खर्च पुष्कळदा परदेशातल्या बायकांनी उचललेला असे. अमेरिकेत बोस्टनला १८६८ साली स्त्रियांचे एक मिशन मंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या मासिकाच्या नावात आरंभी ‘मूर्तिपूजक स्त्रियांसाठी’ अशा अर्थाचे शब्द होते. काही वर्षांनी त्यांतला ‘मूर्तिपूजक’ हा शब्द गळला. दूरच्या एखाद्या गावातल्या मंडळीतील बायका पैसे जमवून मुंबईतल्या एका बायबलबाईचा वर्षाचा खर्च पाठवत आणि तिच्याविषयी वाचायला उत्सुक असत. तुमच्या हाती आलेली पाने अशाच वाचकांसाठी लिहिलेली असणार. त्यांना मराठी नाव उच्चारता येत नसे, लक्षात राहत नसे; ‘आमची बाई’ म्हटले की आपलेपणा वाटे. त्या दोन शब्दांत माया आहे हे मी नाकारत नाही, पण त्यांत मालकीही आहे, आणि तुमच्या भावाला तीच खुपते आहे. मात्र त्याच अहवालांत मिशनऱ्यांच्या स्वतःच्या बायकाही पुष्कळदा नवऱ्याच्या नावामागे ‘मिसेस’ लावूनच आलेल्या दिसतात; शाळा त्यांनी काढायच्या, वर्ग त्यांनी चालवायचे आणि नाव मात्र त्यांचे नाही, असे तिकडेही होते.

याच्या शेजारी मुंबईतलेच दुसरे उदाहरण ठेवून पाहा. डॉ. गुरुबाई करमरकर यांनी १८९२ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या याच महाविद्यालयातून. गुरुबाई परत येऊन अमेरिकन मराठी मिशनच्या मुंबईतील कामात वीस वर्षांहून अधिक काळ राहिल्या. दुष्काळात होरपळलेल्या आणि समाजाने दूर लोटलेल्या लोकांवर त्यांनी उपचार केले. त्यांचे नाव टिकले, कारण त्यांच्याजवळ पदवी होती आणि त्या इंग्रजीतून स्वतःविषयी बोलू शकत होत्या. तुमच्या पणजीची फेरीही याच शहरातल्या तशाच गरिबांकडे होती. तिच्यापाशी पदवी नव्हती आणि इंग्रजी नव्हते, म्हणून ती ‘बाई’ राहिली.

मग साहेबांचा आदर खरा मानावा की नाही? मी तो खरा मानतो, आणि त्याचे कारण त्या पानांतच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि त्यानंतरच्या महिन्यांत मुंबई निम्मीशिम्मी ओस पडली. घरांची झडती होई, रोग्याला उचलून इस्पितळात नेत, घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवत, आणि परक्या पुरुषांनी बायकांना तपासण्याच्या भीतीने लोक आजार लपवत. उंदरांवरच्या पिसवांनी हा रोग पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झालेले नव्हते. रोग्याच्या श्वासाने, स्पर्शाने, कपड्यांनी मरण येते असेच बहुतेकांना वाटे. त्यामुळे त्या दिवसांत ज्या बाईने रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या तोंडात पाणी घातले, ती स्वतःच्या समजुतीप्रमाणे मरणाला हात लावत होती. साहेबांनी हे जवळून पाहिले. देणगीदारांना लिहिताना मिशनऱ्याने स्वतःचे धैर्य सांगणे स्वाभाविक होते. त्याऐवजी आपल्या पगारी मदतनिसापुढे आपला विश्वास तोकडा आहे असे त्यांनी लिहिले, हे सोपे नव्हते.

तरीही एका गोष्टीकडे लक्ष द्या. त्यांनी तिच्या विश्वासाची स्तुती केली आहे, पण तिच्या कसबाची केलेली दिसत नाही. कोणत्या खोलीत रोगी लपवला आहे हे तिला कसे कळे, दार उघडायला ती कोणत्या शब्दांत सांगे, मयत झाल्यावर कोणत्या जातीच्या घरी कोणाला बोलवायचे याचे भान ती कसे ठेवी, आणि हे सारे करून दुसऱ्या दिवशी तेच दार तिला पुन्हा कसे उघडे मिळे? हे ज्ञान तिचे होते. मिशनपाशी ते नव्हते आणि सरकारपाशी तर नव्हतेच. अशा बाईला नुसती ‘भाविक’ म्हटले की तिचे काम आपोआप घडल्यासारखे वाटू लागते. तुम्ही कार्यक्रमात तिच्याविषयी बोलाल तेव्हा तिची हुशारीही सांगा, असे मी आग्रहाने म्हणेन.

मिशनरी व्यक्तीने आपल्या बाईचा मान राखला, याचे सर्वांत मोलाचे उदाहरण मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात दिसते, आणि ते स्तुतीचे नसून भांडणाचे आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला आणि तेथील ख्रिस्ती मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता झाल्या. पुढे दोघींत वर्षानुवर्षे पत्रांतून वाद झाला. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हा सिद्धांत कितपत मानायचा, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचे की नाही, अंडी घातलेले पक्वान्न खायचे की नाही, क्रुसावरचा मजकूर लॅटिनऐवजी संस्कृतात का नको, अशा लहानमोठ्या सर्व प्रश्नांवर रमाबाई ठामपणे बोलल्या आणि सिस्टर जेराल्डिन त्यांच्या हट्टीपणावर नाराज होत राहिल्या. परंतु ही पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनीच जपली आणि जुळवून ठेवली. ती १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. जी शिष्या आपल्याला उलट उत्तर देते तिचे उत्तर तिच्याच शब्दांत राखून ठेवणे, हा मला कोणत्याही मानपत्राहून मोठा गौरव वाटतो. रमाबाई परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले ते विधवांना शिक्षण देण्यासाठी आणि धर्मांतराची अट न घालता, हेही त्याच स्वतंत्र बाण्याला धरून होते. तुमच्या पणजीची उलट उत्तरे कोणी जपली नाहीत. ती त्या साहेबांना कधी ‘असे नाही, साहेब’ म्हणाली असेल, आणि त्यावाचून त्या चाळीत मिशनचे काम चालले नसेल, एवढा अंदाज मात्र मी करतो.

‘अंधारात बुडालेली माणसे’ या शब्दांविषयी बोलणे मला अधिक कठीण जाते, कारण मी स्वतः मराठी ख्रिस्ती कुटुंबातला आहे आणि असे शब्द आमच्याही घरातल्या जुन्या कागदांत आहेत. ते शब्द तिचे नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. साहेबांच्या पानांत तिच्या जात्यावरच्या ओव्या आल्या आहेत असे तुम्ही लिहिता. ओवीतला प्रसंग शुभवर्तमानातला असेल, पण तिची चाल, तिचा घाट, पहाटे दळताना देवाचे नाव घेण्याची सवय, हे ती कोठून घेऊन आली? साताऱ्याकडच्या आपल्या आईच्या जात्यावरून. म्हणजे साहेबांना ज्या भक्तीने हलवले, तिचा निम्मा भाग त्यांनी ज्याला अंधार म्हटले त्याच घरातून आला होता, आणि हे त्यांच्या ध्यानात आले नाही. तुमच्या शेजाऱ्यांसमोर हे सांगायला मुळीच संकोच करू नका. त्यांच्या आज्याही त्याच ओव्या म्हणत होत्या.

आता प्रत्यक्ष कार्यक्रमाचे. दोन्ही पाने जशीच्या तशी व्यासपीठावरून वाचू नयेत, आणि गुपचूप काटछाट करूनही वाचू नयेत. ही पाने परदेशातील देणगीदारांसाठी लिहिली होती, हे आरंभी दोन वाक्यांत सांगावे. मग प्लेगचा प्रसंग आणि साहेबांची स्वतःविषयीची कबुली एवढाच भाग तुमच्यापैकी कोणीतरी साध्या मराठीत वाचावा. संपूर्ण मजकूर, त्यातील खुपणाऱ्या शब्दांसह, ज्याला पाहायचा आहे त्याच्यासाठी मागे मेजावर ठेवावा. तुमच्या काकांची सनद त्यामुळे शाबूत राहील आणि भावाला गिळून टाकावे लागणार नाही. तिची एखादी ओवी घरात कोणाला अर्धवट जरी आठवत असली तरी ती म्हणा. भावालाच म्हणायला सांगा.

नावाचा शोध मराठी कागदांत आधी घ्या. तुमच्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत प्रौढांच्या नोंदी पाहा; तिच्या मुलाचे वय ठाऊक असल्यास तो आणि ती एकाच दिवशी नोंदले गेले असण्याचा संभव आहे. दफनाच्या नोंदी मंडळीच्या वहीत आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीच्या कार्यालयात विचाराव्यात. त्यासाठी मृत्यूचे वर्ष अंदाजे तरी हाताशी हवे. मुंबईतल्या अनेक जुन्या मंडळ्या १९७० साली उत्तर भारत मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एकत्र आल्या, त्यामुळे काही वह्या चर्चच्या कपाटात तर काही धर्मप्रांताच्या कार्यालयात असू शकतात. मेथडिस्ट मंडळ्यांचे दप्तर वेगळे आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासूनचे आहे आणि त्यात मंडळ्यांच्या बातम्या येत. मराठी मजकूर लिहिणारा माणूस तिला ओळखणारा असण्याची शक्यता अधिक, म्हणून तेथे तिचे नाव मिळण्याची आशाही अधिक. तुमची मंडळी कोणत्या मिशनची होती ते पत्रात नाही. ती अमेरिकन मिशनची असेल तर त्या मंडळाचे कागद हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. चर्च मिशनरी सोसायटीचे बर्मिंगहॅम विद्यापीठात आणि स्कॉटिश मिशनचे एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मिळतात. भाचा परदेशात आहेच, त्याला बायबलबायांच्या पगाराची यादी शोधायला सांगा. अहवालात नाव नसले तरी पगार देताना नाव लिहावेच लागे.

एवढे करूनही नाव मिळाले नाही तर कृपा करून एखादे शोभेसे नाव तिला चिकटवू नका. फलकावर ‘बाय’ असेच लिहा. तिला तिची माणसे त्याच नावाने हाक मारत होती.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून आमच्या घरी तीन पिढ्यांची वारी आहे. मिशनऱ्यांनी आमच्याकडच्या स्त्रियांचा गौरव केला तो त्या ख्रिस्ती झाल्यावरच, अशी माझी समजूत आहे. धर्म न बदललेल्या एखाद्या स्त्रीच्या श्रद्धेचा आणि सेवेचा मान कोणा मिशनऱ्याने राखल्याचे उदाहरण असल्यास सांगावे.
— एक वाचक, दादर

उत्तर : तुमची समजूत पुष्कळ अंशी खरी आहे, म्हणून अपवादाचे मोल अधिक आहे. जस्टिन अॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी होते आणि त्यांची सेवेची वर्षे मुंबईत गेली. निवृत्त होऊन अमेरिकेला परतल्यावर त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी भाषांतरमाला हाती घेतली आणि १९२९ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, संत बहिणाबाईंचे आत्मकथन आणि अभंग इंग्रजीत आणले.

बहिणाबाई तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक असणार. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावात जन्म, खेळण्याच्या वयात तिशीच्या बिजवराशी लग्न, मग घरच्यांबरोबर गावोगाव भटकंती आणि कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनाची ओढ. तिच्यामागे कीर्तनाला येणारे ते वासरू आणि त्याचा मृत्यू, हा प्रसंग तिने ज्या रीतीने सांगितला आहे तो वाचताना आजही गळा दाटतो. पुढे तुकोबांचे स्वप्नदर्शन झाले आणि ब्राह्मण घरच्या सुनेने शूद्र मानलेल्या संताला गुरू केले म्हणून नवऱ्याने तिला मारहाण केली. तिने नवऱ्याची सेवा सोडली नाही आणि विठ्ठलही सोडला नाही. आपला देह बाईचा, मग परमार्थ साधावा कसा, हा प्रश्न तिने उघडपणे विचारला आणि त्याचे उत्तर जगून दिले.

अॅबटसाहेबांनी या बाईला ‘मी’ म्हणू दिले. तिचे आत्मकथन त्यांनी तिच्याच मुखाने इंग्रजीत नेले. तिच्या आयुष्याची गोष्ट तिऱ्हाईताच्या तोंडून सांगून मधेमधे तिची वाखाणणी केली नाही. भायखळ्याच्या पत्रातील ‘आमची बाई’ आणि हे पुस्तक यांत मला जो फरक दिसतो तो हाच. दोन्हीकडे आदर आहे, पण एकीकडे बाई बोलते आहे.

याआधी १९१९ साली निकोल मॅकनिकोल या पुण्यातील स्कॉटिश मिशनऱ्यांनी मराठी संतांच्या एकशे आठ अभंगांचे भाषांतर केले होते आणि त्यांत मुक्ताबाई आणि जनाबाई यांनाही स्थान दिले होते. याच मॅकनिकोल यांनी पुढे १९२६ साली पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले. ज्याने जनीचे दळण-कांडण आणि तिचा विठोबाशी चाललेला संवाद आधी मराठीतून ऐकला होता, अशा माणसाच्या हातून ते चरित्र आले, याचा मला आनंद वाटतो.

तुम्ही शंका घ्याल की, या साहेबांच्या मनात शेवटी धर्मप्रसारच नव्हता काय? होता. संतांची भक्ती ही ख्रिस्ताकडे नेणारी वाट आहे, असे त्यांच्यातल्या अनेकांना वाटे; आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतः म्हणत. वारकरी घरातील वाचकाला आपला संत दुसऱ्याच्या दाराकडे जाणारा पूल म्हणून वापरला गेलेला आवडणार नाही, आणि तसे वाटण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मात्र पंचाहत्तरीनंतर, मिशनचे काम संपल्यावर, मुंबईपासून हजारो मैल दूर बसून बहिणाबाईंच्या एकेका ओळीचा अर्थ लावणाऱ्या त्या वृद्धाला तिच्याकडून काहीतरी मिळत होते, असे मला मनापासून वाटते. बहिणाबाईंना त्यांच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. गरज त्यांची होती.

प्रश्न : आमच्या मंडळीत पस्तीस वर्षे मुलांची शब्बाथशाळा (रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग) चालवणाऱ्या आणि झोपडपट्टीत जाऊन क्षयाच्या रोग्यांना वेळेवर गोळ्या देणाऱ्या एका बाईंचा सत्कार ठरला आहे. परदेशातून आलेले एक मिशनरी पाहुणे त्यांना शाल आणि मानपत्र देणार आहेत. मानपत्र इंग्रजीत असावे, म्हणजे पाहुण्यांना वाचता येईल, असे तरुण संघाचे मत आहे. आपले मत कळवावे.
— एक वाचक, मालाड

उत्तर : मानपत्र मराठीत लिहा आणि पाहुण्यांना इंग्रजी भाषांतर वेगळ्या कागदावर द्या. ज्यांचा मान आहे त्यांना ते ऐकताना समजले पाहिजे. पाहुण्यांना दोन वाक्ये मराठीत बोलावीशी वाटली तर आदल्या दिवशी त्यांचा सराव करून घ्या. १८१३ साली मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांनाही मराठी शिकूनच कामाला लागावे लागले होते.

मजकुरात बाईंचे पूर्ण नाव पहिल्या ओळीत येऊ द्या. ‘सेवेची मूर्ती’, ‘त्यागाची पणती’ असले शब्द टाळा. ते कोणालाही लागू पडतात. कोणत्या वर्षी कोणाच्या खोलीत पहिला वर्ग भरला, तेव्हा किती मुले होती, पावसात वर्ग कोठे हलवावा लागे, गोळ्या घ्यायला कंटाळलेल्या रोग्याला त्या काय म्हणत, हे लिहा. क्षयाचे औषध मध्येच सोडले तर रोग अधिक चिवट होऊन उलटतो, म्हणून रोज दारात उभे राहून गोळी गिळेपर्यंत थांबणे म्हणजे किती सोसणे असते, तेही एका वाक्यात येऊ द्या. त्यांच्याकडे शिकलेल्या, आज मोठ्या झालेल्या दोघांतिघांना विचारल्यावाचून ही माहिती मिळणार नाही. तेवढा वेळ काढा.

आणि छापायला देण्यापूर्वी ते मानपत्र बाईंना घरी जाऊन एकदा वाचून दाखवा. त्यांना एखादे वर्ष किंवा कोणाचे नाव चुकलेले वाटले, किंवा एखादी गोष्ट चारचौघांत नको वाटली, तर त्या सांगतील त्याप्रमाणे दुरुस्त करा.